खाणीत मी गाडीनेच जाते

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाचं फोनवर सांगतेच, पुन्हा लिहीत नाही.

आई, तू परत विचारलंस, खाणीत उतरायला भीती नाही का वाटत? अगं, उतरत नाही. जपानमधल्या कामिओकाची ही जस्ताची जुनी खाण, बोगद्यातून सरळ गाडीने आत जाता येतं. डोक्यावर एक किलोमीटर खडक आणि आत 50,000 टन पाण्याची टाकी. 295 किलोमीटरवरच्या तोकाई गावाहून न्यूट्रिनोंचा, म्हणजे कशातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, झोत सोडतात, तो जमिनीतून एका सेकंदाच्या हजाराव्या भागात इथे पोचतो. त्याने अंगाला काही होत नाही, बाबांनाही सांग. सूर्याचे न्यूट्रिनो तुझ्या अंगठ्याच्या नखातून सेकंदाला 6,000 कोटींच्या वर जातात. रात्रीसुद्धा, पृथ्वी भेदून.

तोकाईहून निघताना झोतातले न्यूट्रिनो म्यूऑन जातीचे असतात, वाटेत काही इलेक्ट्रॉन जातीचे होतात. क्वचित एखादा पाण्यात अडकतो, तेव्हा प्रकाशाचं कडं उमटतं. म्यूऑनचं रेखीव, इलेक्ट्रॉनचं कडेने विस्कटलेलं. परवा पडद्यावर तसं विस्कटलेलं कडं आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. अँटिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोंचे उलटे जुळे, तेही तसेच बदलतात का, तेही मोजतो. फरक निघाला तर विश्वात द्रव्यच का उरलं, त्याचं उलटं प्रतिद्रव्य का नाही, याचा धागा हाती लागेल. म्हणून इथे राहायचंय गं.

इथली एक सवय मात्र आधी उमगत नव्हती. आगगाडीचा ड्रायव्हर सिग्नल दिसला की पांढऱ्या हातमोज्यातलं बोट त्याच्याकडे रोखतो आणि मोठ्याने बोलतो. ऐकायला शेजारी कुणी नसतं, तरी. कामावर व्हॉल्व्ह बंद केला की त्याच्याकडे बोट दाखवून "योशी!" म्हणजे 'ठीक'. नुसतं पाहिलं तर मन चुकतं. बोटाने दाखवून तोंडाने म्हटलं की चुका कमी होतात. आता खोलीतून निघताना मीही गॅसकडे बोट दाखवून म्हणते. तेव्हा बाबांनी गॅसची काळजी सोडावी.

भूकंपाचंही तेच. 2011 च्या मोठ्या भूकंपात तोकाईचा झोत थांबला, 2012 मध्ये मोजणी परत सुरू झाली. शिवाय मी तिथे नाही, इकडे डोंगरात आहे.

पैसे सोमवारी पाठवते. हप्ता त्यातूनच भरा, पेन्शनला हात लावू नका. त्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगलाच आहे, पण मला अजून दोन वर्षं हवीत.

दादाच्या साखरपुड्याला येणं जमत नाही. त्या आठवड्यात झोत चालू आहे आणि माझी ड्यूटी आहे. बदलून मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. दादाला हे मीच सांगेन, तुम्ही बोलू नका. वहिनीला माझ्याकडून साडी घ्या, रंग तिलाच निवडू दे.

तुमची,
छकुली