दिवाणखान्यातला क्षयजंतू

मिरज

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिले नाही, त्याबद्दल वहिनी जे काही सुनावतील ते भेटीतच ऐकून घेईन. माझी साखर आटोक्यात आहे आणि गुडघे वयाप्रमाणे कुरकुरतात. प्रकृतीविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. लिहायला बसलो आहे तो मिलिंदच्या पुण्यातील नव्या घरातल्या एका चित्रामुळे. वास्तुशांतीला तू येशील तेव्हा ते एकदम तुझ्या डोळ्यांसमोर येऊ नये, एवढाच हेतू.

सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत, चार फूट रुंदीचे क्षयाचे जंतू टांगले आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेले, जाड सुती कागदावर छापलेले, सरपणाच्या मोळीतून सांडलेल्या काटक्यांसारखे एकमेकांवर रेललेले. अंग गुलाबी, कडांना केशरी झाक, मागे गर्द निळे. 'बाबांच्या नोकरीची आठवण' म्हणून मिलिंदने मुद्दाम मागवले. त्याने किंमत सांगितली तेव्हा आपला पहिला पगार आठवला आणि मी पुढे काही विचारले नाही. एक काटकी मी हाताने मोजली, वीत आणि चार बोटे भरली. 3 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जंतू 30 सेंटिमीटरचा झाला, म्हणजे एक लाख पट. आपण दोघांनी प्रयोगशाळेत जन्मभर हजार पटीत पाहिले. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे काचपट्टी आणि भिंग यांमध्ये तेलाचा थेंब ठेवून, बारीकशी लाल रेघ दिसली तरी मान वर करून एकमेकांना हाक मारायचो.

माझा पहिला आक्षेप रंगाला होता. नमुना मारून, वाळवून, बहुधा त्यावर सोन्यासारख्या धातूचा अतिशय पातळ थर चढवतात, मग त्यावरून उसळलेले इलेक्ट्रॉन मोजले जातात, आणि हाती येते ते निव्वळ करडे चित्र. (गरिबाचा रोग म्हणून ज्याला हिणवले त्याच्याच अंगावर सोने, ही कोटी अण्णांनी सोडली नसती.) गुलाबी आणि केशरी नंतर कोणीतरी संगणकावर बसून भरतो. अमेरिकेतील राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्था आपली अशी रंगवलेली चित्रे सर्वांना वापरण्यास खुली ठेवते, तेव्हा त्यांचे पोस्टर आणि प्रिंट निघाले यात नवल नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या ल्यूक जेराम या कलाकाराला हे रंग खटकले, म्हणून त्याने 2004 पासून विषाणू आणि जंतू पारदर्शक काचेत घडवायला घेतले. हे सगळे मी सूनबाईंना मोठ्या अधिकाराने सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "पण बाबा, तुमचा लाल रंग तरी कुठे त्याचा स्वतःचा होता?"

शरद, मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने हा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच्या काचपट्टीवर तो तपकिरी पार्श्वभूमीवर निळा दिसत होता. आपला लाल जंतू आणि निळी पार्श्वभूमी ही त्यानंतर आलेल्या झील आणि नील्सन या जर्मन संशोधकांची देणगी. म्हणजे भरलेल्या रंगाविषयी नाक मुरडण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

तरीही माझे समाधान होत नाही. आपला लाल रंग जंतूच्या मेणचट आवरणात अडकून बसायचा आणि ॲसिड-अल्कोहोलने धुतला तरी सुटायचा नाही; बाकी सगळे धुऊन जाई, म्हणून जे लाल उरले त्यावर सही करता येई. (तू धुताना घाई करायचास आणि सगळी स्लाइड लाल करून ठेवायचास, हे तुला आजही मान्य नसेल. मला मान्य आहे, तेवढे पुरे.) भिंतीवरचा गुलाबी रंग मात्र सोफ्याच्या उशांशी जुळतो, याखेरीज त्यावरून मला काहीच कळत नाही.

आणि मग ती स्लाइड आठवली. रजिस्टरमधला नंबर पाहण्याआधी तू आयपीसला डोळा लावून, रंग कसा चढला ते पाहून म्हणालास, "काय सुंदर स्टेन आलाय!" मला नंबर ठाऊक होता; तो अण्णांचा होता. त्या एका वाक्यावरून तू स्वतःला इतकी वर्षे बोल लावलास, की मी कधी विरोधच केला नाही. आज करतो. स्टेन खरोखरच सुंदर आला होता. भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या प्रत्येक फील्डमध्ये दहाहून अधिक जंतू, म्हणून 'तीन अधिक' (3+) या सर्वांत वरच्या श्रेणीचा निःसंदिग्ध रिपोर्ट त्यामुळेच देता आला आणि अण्णांना त्याच आठवड्यात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध सुरू झाले. त्या औषधाने कान अधू झाले खरे, पण नातवंडांना त्यांनीच सायकल शिकवली ना?

म्हणून चित्र सुंदर आहे ही माझी तक्रार नाही. मला ते आवडते, पाहीन तेव्हा आवडते, हीच पंचाईत आहे. त्या घरी धूळ पुसायला येणाऱ्या बाईंच्या यजमानांचे सरकारी दवाखान्यातून क्षयाचे औषध चालू आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्या देशात असताना यात विशेष काही नाही. मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही जिन्यावर हेच ऐकायला मिळेल. बाईंनी चौकट पुसता पुसता विचारले, "हे काय आहे, ताई?" सूनबाईंनी "असेच, आधुनिक चित्र आहे" म्हणून वेळ मारून नेली. दोघींपैकी कोणाचेही चुकले असे मला म्हणवत नाही. पण जे चित्र पाहुण्यांना हौसेने समजावून सांगायचे आणि बाईंपासून लपवायचे, ते त्या भिंतीवर असावे का? मिलिंद म्हणतो, त्यांना खरे सांगून टाकू. तो सांगेल कसे, हे मला दिसत नाही. "तुमच्या यजमानांच्या छातीत जे आहे ते आम्ही विकत आणून लावले आहे", असे?

तुझ्या नातीला बारावीला चांगले गुण मिळाल्याचे कळले, तिचे अभिनंदन. गच्चीची गळती थांबली की नाही?

चित्र ठेवावे की उतरवावे, ते मी तुझ्यावर सोपवले आहे आणि मिलिंदने ते मान्य केले आहे. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू क्रिकेटकडे वळतोस.

तुझा,
विनायक