पाकिटात अडीच माणसांचा खाऊ: अन्नमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अन्नमंत्री

विषय: पाकिटावरचे आकडे कुणासाठी छापले जातात?

महोदय,

माझ्या वडिलांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हापासून एक भिंग कायम माझ्या पिशवीत असतं. घरच्या स्वयंपाकात मीठ कमी करणं सोपं आहे, हात आखडला की झालं. पाकिटातल्या मिठाचा हिशोब मात्र लागता लागत नाही, कारण बहुतेक पाकिटांवरच्या पोषणाच्या तक्त्यात ‘मीठ’ हा शब्दच नसतो. तिथे सोडियम असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ‘सोडियम 800 मिलिग्रॅम’ वाचून दिवसाच्या मिठातलं दोन ग्रॅम इथेच संपलं, हे कुणाच्या लक्षात येणार? युरोपीय संघाने 2011 च्या नियमात सरळ ‘मीठ’ असंच छापायला लावलं. त्याला काही मोठं विज्ञान लागलं नसावं.

गुणाकार जमला तरी पुढचं कोडं असतंच. हा आकडा कशाचा? ‘प्रति सर्व्हिंग’, म्हणजे एका वेळच्या मात्रेचा. ती मात्रा किती, हे त्याहून बारीक अक्षरांत. एकट्याने बसल्या बैठकीला संपवावं एवढंसं पाकीट, आणि त्यावर लिहिलेलं असतं ‘सर्व्हिंग: 2.5’. उरलेला अर्धा माणूस कुठून आणायचा? मात्रा जितकी लहान, तितकी साखर, मीठ आणि चरबीही लहान दिसते, आणि पाकिटात मात्र जेवढी भरली तेवढीच राहते.

हा खेळ कुठवर जातो, ते ट्रान्स फॅटने, म्हणजे हृदयाला घातक अशा एका प्रकारच्या चरबीने, दाखवलं आहे. एका मात्रेत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर लेबलवर ‘0’ लिहायची मुभा अमेरिकेच्या नियमाने दिली. समजा एका मात्रेत 0.4 ग्रॅम आहे आणि कुणी दिवसभरात अशा सहा मात्रा खाल्ल्या. पोटात गेलं 2.4 ग्रॅम. 2000 कॅलरींच्या आहारात आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा साधारण 2.2 ग्रॅम आहे. म्हणजे मर्यादा ओलांडली आणि कागदावर शून्य! यात कुणीही कायदा मोडलेला नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. डेन्मार्कने 2003 मध्ये वेगळी वाट धरली. ग्राहकाला वाचत बसायला न लावता कारखान्यावरच बंधन घातलं: 100 ग्रॅम चरबीमागे औद्योगिक ट्रान्स फॅट 2 ग्रॅमच्या वर नको.

साखरेचं प्रकरण थोडक्यात सांगते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावतात. साखर एकाच नावाने टाकली तर ती वर येईल. म्हणून थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, थोडा फळांचा घट्ट रस. चौघे वेगवेगळे खाली बसतात आणि पहिला मान धान्याला मिळतो.

म्हणून माझं मागणं पाकिटाच्या पुढच्या बाजूबद्दल आहे. चिलीने जून 2016 पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी ठरावीक हद्दीच्या वर गेल्या की दर्शनी बाजूला काळा अष्टकोन छापणं सक्तीचं केलं. ‘अमुक जास्त आहे’ एवढंच त्यावर असतं. पदार्थाला एकूण गुणांवरून तारे देण्याची पद्धत नको. ताऱ्यांच्या हिशोबात तंतुमय घटकांचे आणि प्रथिनांचे गुण मिळवून साखरेचा दोष झाकता येतो, आणि मीठ जपणाऱ्या माणसाला त्या सरासरीचा काडीचा उपयोग नाही. अशा खुणांनी ग्राहक उगाच घाबरेल, असं उद्योग म्हणतो. घाबरण्याजोगं असेल तर घाबरू दे की! मागच्या बाजूला आकडे 100 ग्रॅमचे आणि अख्ख्या पाकिटाचे द्या. एका वेळची मात्रा ठरवायचं काम खाणाऱ्यावर सोडा.

उद्योगाची एक अडचण मला पटते. चार माणसांच्या छोट्या कारखान्याला दर नव्या पदार्थाची प्रयोगशाळेत तपासणी परवडत नाही. त्याला सवलतीत तपासणी द्या, मुदत वाढवून द्या. मोठ्यांना ती सबब नको.

आणि तपासणीशिवाय लेबल म्हणजे नुसती छपाई. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गोमांसाच्या बर्गरचे नमुने डीएनए चाचणीला पाठवले, आणि त्यांतल्या काहींत घोड्याचं मांस निघाल्याचं जानेवारी 2013 मध्ये जाहीर केलं. भिंग घेऊन वाचणाऱ्या माझ्यासारखीला ते जन्मात कळलं नसतं. बाजारातून न सांगता नमुने उचला, आणि निकाल पदार्थाच्या नावासकट लोकांसमोर ठेवा, पास झालेल्यांचेही.

नियमांचा मसुदा निघाला की कंपन्यांच्या हरकती वकिलांकडून वेळेत पोचतात. आम्हाला तो मसुदा हाती येईपर्यंत मुदत संपलेली असते. पुढचा मसुदा लोकांच्या भाषेत काढा आणि हरकतींसाठी निदान तीन महिने ठेवा. माझी पहिली हरकत वरच्या अडीच सर्व्हिंगवर असेल.

आपली,
पाकीट उलटून वाचणारी एक ग्राहक