काचेच्या बरणीतले वाळवंट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ‘छोटे वाळवंट’ तयार करण्याची कृती वाचली. बाल्कनीत जेमतेम २ फूट उन्हाची जागा असणाऱ्यांसाठी हा छंद उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु काचेच्या बरणीत तळाशी खडे, त्यावर कोळसा, वर माती आणि तीत निवडुंग, ही सुचवलेली रचना पहिल्याच पावसाळ्यात रोपे कुजवणारी आहे, म्हणून हे पत्र.

बरणीला भोक नसते, हे मूळ दुखणे. खड्यांच्या थराने निचरा होतो असा समज आहे; प्रत्यक्षात बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि ती पुरती भिजल्याखेरीज ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही; उतरले तरी बाहेर जायला वाट कोठे आहे? त्यातून ही मांसल झाडे दिवसा पर्णरंध्रे (बाष्प बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे) मिटून घेतात व रात्री उघडतात, त्यामुळे त्यांचा पाण्याचा खर्चच अत्यल्प असतो आणि साचलेले पाणी आठवडेच्या आठवडे मुळांशी राहते. त्याऐवजी तळाला ३-४ भोके असलेला, ३ ते ४ इंच खोलीचा मातीचा पसरट ट्रे घ्यावा, आणि चाळून पूड काढून टाकलेला मुरूम व विटांचे बारीक तुकडे मिळून ३ भाग, तर चांगले मुरलेले शेणखत १ भाग, असे मिश्रण भरावे. बाजारात तयार मिळणाऱ्या अशा ‘वाळवंटां’त वरचे रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले असतात, त्यामुळे आतली माती ओली की कोरडी हे गिऱ्हाइकाला कळत नाही, निवडुंगावर कागदी फूल चिकटवण्याचा प्रकार तर निव्वळ फसवणूक आहे.

झाडांबाबतही थोडी स्पष्टता हवी होती. आपल्याकडे रोपवाटिकांत ‘जेड’ म्हणून मिळते ते बहुधा पोर्टुलाकारिया आफ्रा असते, मूळ दक्षिण आफ्रिकेतले. छोट्या देखाव्यात त्याची नखाएवढी पाने प्रमाणात दिसतात, खोड लवकर जाडसर होते आणि छाटणी केली की फांद्याही भरपूर फुटतात. वृक्षाचा भास हवा असेल तर याच्याइतके सोपे झाड दुसरे नाही. फुगीर बुंध्याचे अडेनियम देखणे खरे, पण त्याचा चीक विषारी आहे (आफ्रिकेत तो बाणांना लावत असत), तेव्हा घरात लहान मूल असल्यास विचार करावा. दोन्ही झाडांना पावसाळ्यात पत्र्याचा आडोसा हवाच.

दगड मात्र आपल्याच मातीतले शोभतात. सह्याद्रीचा काळा पाषाण हा एकावर एक वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा आहे, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ट्रेमध्ये तो भाव आणायचा तर सगळे दगड एकाच जातीचे घ्यावेत, त्यांचे थर आडवे ठेवावेत आणि प्रत्येकाचा तिसरा हिस्सा मातीत गाडावा; नुसता वर ठेवलेला दगड कोणीतरी विसरून गेल्यासारखा वाटतो. सर्वांत उंच झाड मधोमध न लावता एका अंगाला लावले, की माण-खटावच्या माळरानाची आठवण व्हावी इतपत मोकळीक दिसू लागते.

लेखाच्या अखेरीस ‘ट्रेकहून येताना दगड आणि रोपे घेऊन या’ असा सल्ला आहे, ती मात्र गंभीर चूक आहे. शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची वनस्पती उगवते. शास्त्रज्ञांना ती एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे आणि महाराष्ट्राबाहेर ती नैसर्गिकरीत्या कोठेच सापडत नाही. करड्या-जांभळ्या फांद्यांची ही वनस्पती उन्हाळ्यात पाने गाळून कातळाला चिकटून असते, आणि नेमकी अशाच ट्रेसाठी कोणाच्याही नजरेत भरण्याजोगी आहे. हौशी माणसाने उपटलेले एक रोपही तिथे परवडणारे नाही. दगड हवेच असतील तर खडी क्रशरवर किंवा विहिरीच्या खोदकामाच्या ढिगावर हवे तेवढे मिळतात, आणि जेडची फांदी शेजाऱ्यांकडून मागून आणली तरी जगते.

मृग लागायला फार दिवस राहिलेले नाहीत. त्यापूर्वीच्या एखाद्या पुरवणीत बरणीची कृती आणि गडावरून रोपे आणण्याची सूचना, या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे