कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला कशाला?

महोदय,

फौजदारी खटल्यात मोफत वकील हवा असेल तर आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो, हा समज कोल्हापुरात पक्का बसला आहे. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींच्या मुलाला अटक झाली, तेव्हा त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं. सेतू केंद्राच्या चकरा मारून त्या थकल्या आणि शेवटी मंगळसूत्र गहाण टाकून त्यांनी खासगी वकील दिला. मला हे फार उशिरा कळलं.

या दाखल्याची गरजच नव्हती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये कोठडीत असलेली व्यक्ती थेट पात्र धरली आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातली वार्षिक ३ लाखांची मर्यादा लागते ती या कुठल्याच गटात न बसणाऱ्याला, उदाहरणार्थ जामिनावर सुटलेल्या एखाद्या छोट्या दुकानदाराला. त्यालाही कलम १३ चा आधार आहे. उत्पन्नाबद्दलचं त्याचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, अविश्वासाला कारण असेल तरच प्रश्न येतो. मग दाखल्यावाचून अर्ज अडायचं कारण काय?

आरोपीने वकील मागितला नाही, हीसुद्धा सबब चालत नाही. खत्री खटल्यात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपी पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहतो तेव्हापासून हा हक्क आहे आणि तो त्याला समजावून सांगणं दंडाधिकाऱ्यांचं काम आहे. सुक दास खटल्यात (१९८६) तर अर्ज केला नाही म्हणून हक्क बुडत नाही, असं ठरलं. पहिल्या रिमांडलाच वकील नसेल तर पोलीस कोठडीच्या मागणीला विरोध कोण करणार? नेमक्या त्याच दिवशी घरचे लोक कागद गोळा करत फिरत असतात.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात यावं म्हणून या शहराने वर्षानुवर्षं आंदोलन केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण पोलीस ठाण्याच्या दारात अडलेला माणूस तिथवर पोहोचणार कसा?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात, कळंबा कारागृहाच्या भेटीच्या खिडकीजवळ आणि कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मोठ्या अक्षरांत फलक लावा: ‘कोठडीतील व्यक्तीस मोफत वकील मिळेल, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.’ खाली १५१०० हा मदत क्रमांक द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने हे तातडीने करावं, ही विनंती.

एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर