'हृदयस्पर्शी' तीनदा, 'कोणासाठी' एकदाही नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'पुस्तकविक्रेत्यांची पसंती' म्हणून नव्या कादंबऱ्यांची यादी आली होती. मोठ्यांसाठी सहा, कुमारांसाठी तीन. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'हृदयस्पर्शी' तीन वेळा, 'खिळवून ठेवणारी' दोन वेळा, 'अंतर्मुख करणारी' एकदा. कुमारांच्या तिन्ही कादंबऱ्यांना मिळून एकच वाक्य: 'मुलांनी आणि पालकांनीही जरूर वाचावी.' शिफारस कोणत्या विक्रेत्याने केली ते नाही, आणि कादंबरी कोणाच्या हातात द्यावी याबद्दल नऊच्या नऊ ठिकाणी अवाक्षर नाही.

नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. मी 31 वर्षं पुस्तकांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते आणि हे सगळे शब्द वापरून झालेत. ग्राहक घाईत आहे, मागे बिलाची रांग वाढतेय आणि पुस्तक आपण उघडूनही पाहिलेलं नाही, अशा तीन गोष्टी जुळल्या की 'हृदयस्पर्शी' तोंडातून आपोआप निघतं.

एकदा ते चांगलंच अंगाशी आलं. एक गृहस्थ आले. बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, वाचायला मनाई. 'रोज संध्याकाळी तासभर मी वाचून दाखवतो, एखादी नवी कादंबरी द्या,' म्हणाले. टेबलावर त्या आठवड्यात जो सर्वांत उंच गठ्ठा होता त्यातली वरची प्रत मी उचलून दिली. परीक्षणं चांगली आली होती, खपही होता. चार दिवसांनी ते परत आले. पिशवीतून पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, 'जरा मोठ्याने वाचा.' मी वाचायला लागले. आई आणि दोन मुली बोलतायत असा प्रसंग. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, 'ती म्हणाली' नाही, परिच्छेदही तोडलेला नाही. चौथ्या ओळीला माझाच गोंधळ झाला. 'प्रत्येक वाक्याला ही विचारते, हे कोण बोललं? मी काय सांगू?' मग त्यांनी सरळ विचारलं, 'तुम्ही वाचलीय ना ही?'

मी 'हो' म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलले नाहीत, दुसरं पुस्तक स्वतःच निवडून घेऊन गेले.

त्या रात्री ती कादंबरी मी वाचली. उत्तम होती. आई कुठे संपते आणि मुली कुठे सुरू होतात ते कळू नये, हेच तर लेखिकेला करायचं होतं. पण ती एकट्याने, डोळ्यांनी, थांबून थांबून वाचायची गोष्ट होती. वाचून दाखवायला अगदीच कुचकामी.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. तीन रकाने: 'वाचली', 'अर्धी वाचली', 'नुसती ऐकून'. ग्राहकाने विचारलं की ज्या रकान्यात असेल ते सांगायचं. मला वाटलं, 'नुसती ऐकून' म्हटलं की माणूस पुस्तक खाली ठेवेल. काही जण ठेवायचेही. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त विश्वास लोक 'अर्धी वाचली'वर ठेवत. 'अर्धी का सोडलीत?' म्हणून विचारत, आणि माझं कारण ऐकून 'अरे, मग मला आवडेल' म्हणून घेऊन जात. मला कंटाळा आणणारी लांबलचक वर्णनं कोणाला तरी हवीच असतात.

प्रश्न विचारायची पद्धतही तेव्हापासून बदलली. 'तुम्हाला कशा प्रकारचं आवडतं?' याला दहातले आठ जण 'काहीही चालेल, चांगलं असलं म्हणजे झालं' हेच उत्तर देतात. त्यापेक्षा 'अलीकडे अर्धवट टाकलेलं पुस्तक कोणतं, आणि कुठे टाकलंत?' हे विचारून बघा. आधी लाजतात, पुस्तक टाकणं म्हणजे जसा काही गुन्हाच. मग बोलायला लागतात. पहिल्या वीस पानांत अकरा नावं आली म्हणून टाकलं. निवेदक सारखा आपल्या बालपणात जातो म्हणून टाकलं. एक बाई म्हणाल्या, 'कादंबरीत कुत्रा आला की मी पुस्तक मिटते, कारण तो मरणार हे मला ठाऊक असतं.' त्यांच्यासाठी मी वहीत कुत्र्याची खूणच ठेवली होती. नंतर लक्षात आलं, असे ग्राहक पुष्कळ आहेत.

दर्शनी टेबलाबद्दलही वाचकांना एकदा कोणीतरी सांगायला हवं. त्यावर काय मांडायचं हे नेहमी दुकानदाराच्या आवडीवर ठरतं असं नाही. परदेशातल्या मोठ्या साखळी दुकानांत त्या जागेसाठी प्रकाशक पैसे मोजत आले आहेत, आणि वाचक मात्र त्यालाच दुकानाची पसंती समजतो. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्सने, 2011 साली जेम्स डाँट तिथे प्रमुख झाल्यावर, हे पैसे घेणं बंद केलं आणि काय मांडायचं ते त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. त्यानंतर न खपता परत जाणारे गठ्ठेही कमी झाले. परतीचे गठ्ठे ज्याने बांधलेत त्यालाच याचं मोल कळेल. सुतळीने बोटं कापतात ती वेगळीच.

माझ्या मते या सगळ्यात शहाणपणाचा मार्ग जपानमधल्या विक्रेत्यांनी काढला. 2003 च्या सुरुवातीला तिथला एक मान्यवर साहित्य पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. दुकानांत काम करणारी माणसं चुकचुकली, आम्हाला तर देण्यासारखी पुस्तकं दिसत होती! 2004 पासून त्यांनी स्वतःचाच पुरस्कार सुरू केला, 'होन्या ताइशो', म्हणजे पुस्तकांच्या दुकानांचा पुरस्कार. त्यात लेखक नाहीत, समीक्षक नाहीत. मत फक्त नवी पुस्तकं विकणाऱ्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना. पहिल्या फेरीत प्रत्येकाने तीन नावं सुचवायची. त्यातून वरची दहा निघतात. दुसऱ्या फेरीत मत द्यायचं तर दहाही वाचून काढायची आणि प्रत्येकीवर अभिप्राय लिहायचा. त्यांचं घोषवाक्यही मला फार आवडतं: देशभरच्या विक्रेत्यांनी निवडलेलं, सर्वांत जास्त 'विकावंसं वाटणारं' पुस्तक. श्रेष्ठ नाही, महान नाही, विकावंसं वाटणारं. काउंटरमागच्या माणसाला एवढंच म्हणायचा हक्क आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

तिथल्या दुकानांत पुस्तकाशेजारी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या लावायची रीत आहे. आमच्याकडे मी ती सुरू केली, कार्डाच्या अर्ध्या तुकड्यावर, निळ्या शाईत. पहिल्या महिन्यात मी लिहिलेली कार्डं आज वाचली तर लाज वाटेल, सगळी ब्लर्बची, म्हणजे मलपृष्ठावरच्या स्तुतीच्या मजकुराची, नक्कल. मग एक नियम केला: कार्डावर निदान एक वाक्य असं हवं, की ते वाचून कोणीतरी पुस्तक परत ठेवेल. 'गुन्हा कोणी केला ते पान 30 वरच कळतं, रहस्य हवं असेल तर घेऊ नका.' 'प्रवासात वाचू नका, प्रकरणं साठ साठ पानांची आहेत.' मालक कपाळाला हात लावून बसले. पण त्या कार्डांखालची पुस्तकं क्वचितच बदलून मागितली गेली.

आता कुमारांकडे वळते. खरं तर हे पत्र मी त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

तुमच्या यादीत 'कुमार' या एका शब्दाखाली तीन कादंबऱ्या आहेत. नवव्या वर्षीचा वाचकही कुमार आणि सतराव्या वर्षीचाही? इंग्रजी पुस्तकव्यवहारात साधारण आठ ते बारा हा एक गट आणि बारा ते अठरा हा दुसरा धरतात. तेही पुरतं नेमकं नाही, पण काहीतरी कुंपण आहे. मुलं नेहमी आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या नायकाचं वाचू पाहतात, हे प्रत्येक विक्रेत्याला अनुभवाने माहीत असतं. बारा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या नायकाची गोष्ट द्या, तो मलपृष्ठ वाचून पुस्तक अशा तऱ्हेने खाली ठेवतो की आपलाच अपमान झाल्यासारखा वाटतो.

आणखी एक पेच: मोठ्यांच्या कादंबरीत पैसे देणारा आणि वाचणारा बहुधा एकच असतो. मुलांच्या बाबतीत समोर दोघं उभे असतात आणि बोलतो तो पैसे देणारा. जॉन न्यूबेरी नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याला हे 1744 मध्येच कळलं होतं. त्याने मुलांसाठी छोटंसं पुस्तक काढलं आणि त्याच्यासोबत मुलग्यांना चेंडू, मुलींना टाचण्या टोचायची उशी ठेवली. पालकांसाठी पुस्तकात उपदेश, मुलांसाठी चेंडू. (हाच गृहस्थ तापाची पूडही विकायचा, तेव्हा विक्रीकलेत मुरलेलाच म्हणायचा.) पुढे त्याच्याच नावाने अमेरिकेत बालसाहित्याचं पदक सुरू झालं, पहिलं 1922 साली. आणि ते सुचवणारे फ्रेडरिक मेल्चरही मूळचे पुस्तकविक्रेतेच.

माझ्याकडे एकदा अकराएक वर्षांची मुलगी आईबरोबर आली. 'हिला काहीतरी चांगले संस्कार होतील असं द्या,' आई म्हणाली. मी मुलीला विचारलं, तुला काय हवंय? तिने आईकडे पाहिलं. आईने उत्तर दिलं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा आईच. शेवटी मी आईंना म्हटलं, तुम्ही तोवर बाकीच्या वह्यांचं बिल करून घ्या. त्या चार पावलं लांब गेल्या आणि मुलगी हळूच म्हणाली, 'ज्यात शेवटी सगळे एकमेकांना सॉरी म्हणत नाहीत असं आहे का?'

होतं. नायिका एक मोठं खोटं बोलते, पकडली जात नाही, आणि ते खोटं घेऊन तिला पुढे जगावं लागतं. वहीत 'वाचली'च्या रकान्यात होतं म्हणूनच मला आठवलं. आईंना मी स्पष्ट सांगितलं, यात शिकवण शेवटच्या पानावर लिहिलेली नाही. जरा कुरकुरत त्यांनी घेतलं. महिन्याभराने त्या एकट्याच आल्या. 'याचा पुढचा भाग आहे का?' मुलीला हवाय का, असं विचारलं, तर म्हणाल्या, 'तिने केव्हाच संपवलं. मला हवाय.'

मोठी माणसं मुलांच्या कादंबऱ्या स्वतःसाठी नेतात, यात मला तेव्हाही नवल वाटलं नाही. अमेरिकेत 2012 साली बोकर या संस्थेने पाहणी केली, तेव्हा 12 ते 17 वयासाठीच्या पुस्तकांच्या खरेदीदारांत 55 टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यातल्या बहुतेक खरेदी स्वतः वाचायला होत्या. म्हणजे 'पालकांनीही वाचावी' असं उपदेशाच्या सुरात लिहायची गरज नाही. ते वाचतातच. मुलांनी का वाचावी ते लिहा.

एक भाचा मला नेहमी म्हणतो, मावशी, आता फोनच सांगतो, 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं.' सांगू दे की. मीही त्यावरून पुस्तकं मागवते. पण त्या यंत्राला मी काय घेतलं ते कळतं, कोणासाठी घेतलं ते कळत नाही. नातीला म्हणून एकदा ड्रॅगनची कादंबरी मागवली, तेव्हापासून मला ड्रॅगनच दाखवतंय. कुत्र्याला घाबरणाऱ्या बाईंना ते काय विचारणार?

तेव्हा माझी विनंती अशी. यादी बंद करू नका, लांबीही वाढवू नका. नऊऐवजी पाचच कादंबऱ्या घ्या. प्रत्येकीखाली शिफारस करणाऱ्याचं नाव घाला, नाव द्यायचं नसेल तर किती वर्षं या कामात आहे ते तरी. पूर्ण वाचली की अर्धी, तेही छापा. आणि एक ओळ सक्तीची ठेवा: 'ही कोणाला देऊ नये.' ज्याला ही ओळ लिहिता येणार नाही त्याने पुस्तक वाचलेलं नाही, असं खुशाल समजा आणि ती शिफारस वगळा. कुमारांच्या रकान्यात वय लिहा, नायकाचं आणि वाचकाचं, दोन्ही. जमलं तर तिथे मुलांनाच लिहू द्या. जर्मनीत युवा साहित्याच्या राष्ट्रीय पुरस्कारात 2003 पासून मुलांच्या वाचनगटांची स्वतंत्र ज्युरी असते, तेव्हा हे काही अचाट मागणं नाही.

प्रकाशक रागावतील ही भीती तुम्हाला वाटेल. आमच्या मालकांनाही वाटली होती.

आपली,
एक निवृत्त पुस्तकविक्रेती

ता. क. तुमच्या यादीतल्या नऊपैकी चार मी वाचल्यात, एक अर्धी, बाकीच्या नुसत्या ऐकून. अर्धी वाचलेली म्हणजे मोठ्यांमधली पाचव्या क्रमांकाची. पान 140 ला कुत्रा आला.