वाडेकरांना फक्त ‘नशीबवान’ म्हणू नका

महोदय,

भारताच्या यशस्वी कर्णधारांची चर्चा निघाली की गांगुली, धोनी, कोहली ही नावे हटकून येतात. अजित वाडेकरांचे नाव निघालेच, तर ‘नशीबवान कर्णधार’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. वेस्ट इंडिजमध्ये गावसकरांच्या ७७४ धावा आणि लंडनच्या ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत घेतलेले सहा बळी, म्हणून १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही ठिकाणी मालिका जिंकल्या, असे सांगणारे आजही भेटतात. मला हे अजिबात पटत नाही.

त्या वर्षीची वेस्ट इंडिजमधली किंग्स्टन कसोटी पाहा. गावसकर त्या सामन्यात खेळलेच नव्हते. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताच्या ३८७ धावांपुढे वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर आटोपला. सामना चार दिवसांवर आला की फॉलोऑनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावण्यासाठी, १५० धावांची आघाडी पुरते, हा नियम वाडेकरांनी नेमका हेरला. ते उठून थेट वेस्ट इंडिजचा कर्णधार सोबर्सकडे गेले आणि पुन्हा फलंदाजीला या म्हणून सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण सोबर्सच्या संघावर फॉलोऑन लादायची हिंमत तोवर कोणत्या भारतीय कर्णधाराने दाखवली होती? भारताच्या ३८७ पैकी २१२ धावा ठोकणारे दिलीप सरदेसाईही संघात आले ते वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, सलीम दुराणींच्या हाती चेंडू दिला. सोबर्स शून्यावर गेले, लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. सामना जिंकला आणि मालिकाही. याला नशीब कसे म्हणायचे?

फलंदाज म्हणून त्यांच्या नावावर ३७ कसोटींत एकच शतक आहे, वेलिंग्टनचे १४३, हे मान्य. पण ओव्हलवर दुसऱ्या डावात १७३ धावांचा पाठलाग करताना त्यांनी काढलेल्या ४५ धावांचे मोल मी शतकाहून कमी मानत नाही.

१९७४ मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरलो, लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झालो. तेव्हा मात्र सारे खापर एकट्या कर्णधाराच्या माथी फुटले. घरावर दगड पडले, पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले आणि त्यांनी निवृत्ती घेतली. विजय इतरांचा आणि पराभव तेवढा वाडेकरांचा, हा कुठला न्याय?

२४ ऑगस्ट हा ओव्हल विजयाचा दिवस. त्या दिवशी आपल्या क्रीडापानावर धावफलकासोबत वाडेकरांच्या नेतृत्वावर एक सविस्तर लेख यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक