एक्के टाकले त्या रात्री स्वतःची पानं उघडणाऱ्या भाईंना

भाई, नमस्कार. तुमच्यासमोर बसून हे बोलायला गेले तर माझे शब्दच अडतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, हसणारे तरी कुठे एकांतात हसले होते.

चवथीची आरती आटोपली होती आणि फोंड्याला आमच्याच घरी पोकर रंगला होता. (मांडवीतल्या कॅसिनोंत आम्हा गोंयकारांना 2020 च्या फेब्रुवारीपासून प्रवेश नाही, त्यामुळे आमचं डायनिंग टेबल, प्लास्टिकच्या चिप्स आणि हरेल त्याने सकाळी सगळ्यांना भाजीपाव, एवढाच आमचा जुगार.) माझ्याकडे इस्पीक आणि किलवरचा एक्का. मी रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली, तरी चौघं आत आले आणि फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) काय पडला तर बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, चौकट सत्ती. मी बेट केली, म्हणजे पैज लावली, तुम्ही रेझ केलंत, बाकीचे पळाले, मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकल्या. टर्नला (चौथं पान, त्यानंतर रिव्हर हे पाचवं आणि शेवटचं) इस्पीक दुर्री आली आणि तुम्ही होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्यात. मी बराच वेळ बघत बसले आणि दोन्ही एक्के उघडे करून टाकून दिले, डाव सोडला.

मग जे हसणं सुरू झालं. एक्के कोण टाकतं, बायकांना सगळ्याचीच भीती, वगैरे. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं ते तुम्हाला माहितीये, जो आम्हाला फी घेऊन शिकवायचा तोच. त्याने एक्क्यांच्या जोडीचे जिंकायचे 85 टक्के आमच्याकडून पाठ करून घेतले होते पण ते समोर एकटाच माणूस असेल तेव्हाचे, चौघं असले की तेच 56 च्या आसपास येतात हे एकदाही सांगितलं नाही, फ्लॉपनंतर तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. राजा, सत्ती, दुर्री अशी तीन वेगळ्या रंगांची पानं असती तर मीपण बिनधास्त ठोकत राहिले असते. पण नव्वी-अठ्ठी-सत्तीवर सलग पाच पानं जुळवून एक्क्यांच्या जोडीला हरवणारी गुलाम-दश्शीच सोळा प्रकारे येऊ शकते, छक्की-पंजी अजून सोळा, वर तीन सेट (एकाच आकड्याची तीन पानं), दोन-दोन जोड्या, आणि कोणी नुसत्या पाच बदामांच्या मागे असेल तरी फ्लॉपवरून त्याचे पस्तीस टक्के. आणि तुमच्यासारखा गप्प माणूस उगाच रेझ करून वर सगळ्या चिप्स ढकलत नाही, हे कुठल्या क्लासात शिकावं लागत नाही.

आणि भाई, तुम्ही तेव्हा जे केलंत ना. कॉल झालाच नाही तर जिंकणाऱ्याला पानं दाखवावी लागत नाहीत, उलट शहाणा माणूस मुद्दाम लपवतो, पुढच्या हातात लोकांना कोड्यात ठेवायला. तुम्ही कोणी न विचारता दोन्ही पानं उलटी केलीत. गुलाम, दश्शी. आणि त्याच्याकडे बघून म्हणालात, "रिव्हरला कुठलंही पान आलं असतं तरी ती हरलीच असती, बरोबर टाकले तिने." बस, एवढंच, आणि चिप्स गोळा करायला लागलात. खोली गप्प. पुढचे सगळे हात लोक तुम्हाला ओळखूनच खेळले, म्हणजे तुमचं नुकसानच झालं, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

जिंकणारे खूप बघितले. जिंकून झाल्यावर हरणाऱ्याची अक्कल शाबूत होती हे चारचौघांत सांगणारा क्वचितच भेटतो, आणि असा माणूस पत्त्यातच नाही, दुकानात, बँकेच्या रांगेत, कुठेही लगेच कळतो. आमच्या सासूबाईंना पोकरमधलं ओ की ठो कळत नाही, त्यापण दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की मनीस बरो.

मनापासून थँक्यू भाई. जावेला आता शिकायचंय, क्लासवाल्याकडे नाही म्हणते, तुम्हालाच विचारायला सांगितलंय. रविवारी याल का? भाजीपाव माझ्याकडून, कोणीही हरलं तरी.